संकटानं विश्वास आपोआप वाढत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

जय ख्रिस्त.

‘संकटातून विश्वास बळकट होतो’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की हे सुखात बसून बोलणं झालं. तुमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका घरातला तरुण मुलगा गेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आईवडिलांना बायबलमधली वचनं ऐकवली आणि सहा महिन्यांत त्या घरानं उपासनेला येणं सोडलं. ‘मग त्यांचा विश्वास कुठे वाढला?’ हा तुमचा सवाल. सवाल रास्त आहे. ‘प्रत्येक संकट आपल्याला देवाजवळ नेतं’ हे लेखातलं वाक्य मी मागे घेतो. काही संकटं माणसाला दूरही नेतात.

पण प्रेषित पौल काय म्हणतो ते नीट पाहू. त्याच्या रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात संकटानं धीर, धीरानं शील, शीलानं आशा अशी साखळी आहे. ‘शील’ म्हणून जो ग्रीक शब्द येतो, त्याचा अर्थ कसाला उतरलेलं असणं. कसोटीच्या दगडावर सोनं घासतात तेव्हा दगड सोनं बनवत नाही. साखळीच्या आधी, १ल्या ओवीत (वचनात), ख्रिस्ताद्वारे देवाशी झालेला समेट आहे आणि ५व्या ओवीत पवित्र आत्म्यानं अंतःकरणात ओतलेली प्रीती आहे. बळ तिथून येतं. मधला संकटाचा तुकडा तेवढा तोडून शोक करणाऱ्याच्या हाती दिला, की त्याचा धोंडा होतो. हाच पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की आशिया प्रांतात आपल्यावर इतका भार आला की जगण्याचीही आशा सुटली. हे लिहायला त्याला संकोच वाटला नाही.

त्या घरी काय चुकलं, ते बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडे पाहिलं की कळतं. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग कारणं सांगू लागले. शेवटी, ४२व्या अध्यायात, देवाचा राग भडकतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. ‘देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे वचन खरंच आहे. पण मयताच्या घरी तिसऱ्या दिवशी आईच्या कानाला ते ‘मुलगा गेला ते बरंच झालं’ असं ऐकू येतं.

ज्यांना प्रार्थना सुचत नाही, त्यांच्यासाठी बायबलमधलं १३वं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत दावीद राजा देवाला चार वेळा ‘कुठवर?’ असं विचारतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणं आहे, तेही नेमकं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत उजेड दे. मग दोन ओव्या भरवशाच्या. याच क्रमानं वहीत लिहावं, आणि पहिला भाग मोघम ठेवू नये. ‘प्रभू, आम्ही अडचणीत आहोत’ असं लिहू नका. ‘प्रभू, पाच तारखेला हप्ता आहे, खात्यात पैसे नाहीत, आणि मेहुण्याकडे तिसऱ्यांदा मागायची लाज वाटते’ असं लिहा. तिसरा भाग आला नाही तर कोरा ठेवा. ओढूनताणून लिहिलेला भरवसा दुसऱ्या दिवशी स्वतःलाच खोटा वाटतो. ८८वं स्तोत्र अंधारावरच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रात आहेच.

शरीराकडेही बघावं लागतं. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही; भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. म्हणून शोकातल्या माणसाला उपास-प्रार्थनेला बसवू नये. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. आणि मार खाणाऱ्या बाईला ‘वधस्तंभ वाहा’ सांगणं हे तर पापच आहे. तिला आधी त्या घरातून सुखरूप बाहेर काढावं.

वाढ होते तेव्हाही ती सावकाश होते. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, पती १८८२ मध्ये. बाप्तिस्मा १८८३ चा. तरीही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे आठ वर्षांनी भेटला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्यानंतरच्या उरलेल्या महिन्यांतही केडगावात त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं. त्यांना कोणी सहा महिन्यांची मुदत घातली असती तर?

तुम्ही सांगितलेल्या घराचं अजून काही संपलेलं नाही. दोघं जण जा, डबा घेऊन, अर्धा तास. ‘येत का नाही?’ हे विचारू नका. मुलाचं नाव घ्या. लोक ते नाव टाळतात आणि आईला तेच ऐकायचं असतं. वचनं ऐकवणाऱ्यांत तुम्हीही असाल तर माफी मागा. प्रार्थना होत नाही असं ते म्हणाले तर सांगा, तुमच्या वतीनं आम्ही करतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या २ऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. मुलाचा वाढदिवस आणि तो गेला ती तारीख, दोन्ही लिहून ठेवा आणि त्या दिवशी फोन करा. नाताळात घरोघरी गीतं गाणारी कॅरल पार्टी निघेल तेव्हा त्या घराला परस्पर वगळू नका, न विचारता ढोलकी घेऊनही जाऊ नका. आठवडाभर आधी कोणीतरी एकट्यानं जाऊन विचारा: आम्ही यावं का, की नुसतं दाराशी एक गीत हळू आवाजात म्हणून जावं?