पोराला अर्धी गोळी द्या म्हणे!

सांगली-तासगावकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लेकराला ताप आला की पॅरासिटामॉलची पाचशेची अर्धी गोळी द्या. तान्ह्याला ड्रॉप्स द्या, ते सौम्य असतात. खोकल्याला कफ सिरप आहेच. मागची चिठ्ठी मेडिकलात दाखवली की काम होतं, डॉक्टरची फी कशाला?’ मी मेडिकलच्या काउंटरमागे असतो, त्यामुळे याची उत्तरं मलाच द्यावी लागतात.

अर्ध्या गोळीचं आधी. मुलाचा डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या पोराला जास्तीत जास्त १५०. अर्धी गोळी होते २५०ची, आणि घरात ६५०ची पट्टी असली तर ३२५ची. असं दर चार तासांनी दोन दिवस चाललं तर लिव्हरवर बेततं. वजन माहीत नसेल तर अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्यांच्या रजिस्टरला असतं.

‘ड्रॉप्स सौम्य’ हे मात्र सगळ्यात घातकी. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५, म्हणजे मिलीला जेमतेम २५. तान्हं बाळ थोडंच गिळतं, म्हणून थेंबांत चौपट औषध भरलेलं असतं. परवा एक आजी आल्या, ‘ड्रॉपर फुटला, चमच्यानं पाजू का?’ ५ मिलीचा चमचा भरला असता तर ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची अख्खी गोळी! आजींना बिनसुईची सिरिंज दिली आणि किती रेघेपर्यंत भरायची ते पेनानं खूण करून दिलं. सिरपमध्येही ५ मिलीत २५०चं वेगळं येतं, तेव्हा ‘एक चमचा’ म्हणजे किती हे लेबल बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काहीच करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

कफ सिरप? २०२५मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला कोल्ड्रिफ नावाचं कफ सिरप पिऊन लेकरांच्या किडन्या गेल्या, कित्येक दगावली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. ‘ते भेसळीचं होतं, आपलं चांगल्या कंपनीचं आहे,’ असं लोक म्हणतात. बरं, चांगलं धरू. तरी त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याची सूचना आली, दोन वर्षांखालच्यांना खोकल्या-सर्दीचं औषध देऊच नका, आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा नको. साधा खोकला बहुतेक वेळा आपोआपच जातो.

जुन्या चिठ्ठीवर वजन जुनं, आजारही जुना. आणि तापाला निमेसुलाइड मागणारे अजून येतात. ते बारा वर्षांखालच्यांना २०११पासून बंद आहे.

फीचा मुद्दा खोटा नाही, पण १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी फुकट आहे. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. जाताना घरातली औषधाची बाटली तेवढी बरोबर न्या.