‘कॉल नंबर आता कशाला लागतो?’ या मेसेजला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस ग्रंथालयात काम करणाऱ्या आपल्या लोकांच्यात एक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर खाली ‘अगदी बरोबर’ असं लिहून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं आहे की आता सगळ्यांचा मिळून एकच कॅटलॉग झाला, पुस्तकाला बारकोड आहे, सर्च आहे, तेव्हा कॉल नंबरवर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर चिकटवतो त्या विषय-लेखकाच्या नंबरवर, वेळ घालवणं बंद करा. ज्यानं आधी एन्ट्री केलीय त्याचा नंबर आहे तसा कॉपी करा. टिंब आणि स्पेस बघत बसू नका, कॉम्प्युटर समजून घेतो. सगळ्या ग्रंथालयांत एका पुस्तकाला एकच नंबर पाहिजे, नाहीतर एकत्र कॅटलॉगला अर्थ काय. आणि मराठी पुस्तकांना ड्यूई, म्हणजे विषयाला आकडा देणारी वर्गीकरण पद्धत, बसतच नाही, ती दाखल क्रमांकानंच, म्हणजे ज्या क्रमानं आली त्या क्रमानंच लावा.

मी कोल्हापुरात हेच काम करते, रोज. हे वाचून नवीन लागलेली पोरं खरंच तसं करायला लागलीत म्हणून लिहायला बसले.

पहिलं, बारकोड आहे मग कॉल नंबर कशाला. बहुतेक ठिकाणी बारकोड म्हणजे दाखल क्रमांकच असतो, काळ्या रेघांत छापलेला. तो सांगतो की ही प्रत कुठली, कधी आली, आत्ता कुणाच्या नावावर आहे. ती कुठल्या फळीवर आहे हे तो सांगत नाही. १४२०७ च्या शेजारी १४२०८ असतं ते एवढ्याचसाठी की दोन्ही पुस्तकं एका बिलात आली, मग एक उसाच्या रोगावरचं असेल आणि दुसरं कवितांचं. कॉल नंबर म्हणजे पुस्तकाचा पत्ता. नावातच आहे की ते, वाचक चिठ्ठीवर जो नंबर लिहून पुस्तक मागवतो तो कॉल नंबर. आणि आपल्याकडच्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत अजूनही वाचक काउंटरच्या अलीकडंच उभा असतो, आत जाऊन पुस्तक आणतो तो आपलाच शिपाई, त्याच्या हातात पत्ता नको?

आणि जिथं वाचक आत जाऊ शकतो तिथं तर आणखीनच. मागं गंगावेशीकडचा एक पोरगा कुस्तीवरचं एक ठराविक पुस्तक मागायला आला, ते बाहेर गेलं होतं. कॅटलॉगनं एवढंच सांगितलं की प्रत उपलब्ध नाही. मी त्याला ७९६.८१२ च्या फळीपाशी नेऊन उभं केलं, तिथं शेजारी-शेजारी कुस्तीचीच आणखी चार पुस्तकं होती आणि त्यातली दोन घेऊन तो गेला. त्याला त्या पुस्तकांची नावंच माहीत नव्हती, मग सर्चमध्ये टाईप काय करणार होता?

२०१९ चा ऑगस्ट तर कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा मी एका ओळखीच्या ग्रंथालयात मदतीला गेले होते, खालच्या फळ्या मिळेल तशा रिकाम्या करून पुस्तकं वरच्या मजल्यावर नुसती ढीग घालून ठेवली होती. पाणी उतरलं तरी लाईट नव्हती, कॉम्प्युटर बंद. पाठीवर लेबल असलेली पुस्तकं कॉलेजच्या पोरांनी नंबर वाचून वाचून परत ओळीत लावली, आम्ही फक्त मध्ये मध्ये बघत होतो. देणगीत आलेल्या दोन कपाटांतल्या पुस्तकांवर मात्र आत बारकोड होता आणि पाठीवर काहीच नव्हतं, ती लाईट येईपर्यंत तशीच पडून राहिली आणि नंतर एकेक उघडून स्कॅन करून बघावी लागली. रेघा माणसाला वाचता येत नाहीत, आकडे येतात.

आता कॉपी करायचा मुद्दा, याच्यावर जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतंय.

एकत्र कॅटलॉगमध्ये दोन थर असतात. वरचा थर पुस्तकाचा: नाव, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन, विषय. तो सगळ्यांचा. खालचा थर प्रतीचा: कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या विभागात, बारकोड काय, कॉल नंबर काय. तो ज्याचा त्याचा. मार्कमध्ये, म्हणजे कॅटलॉगची नोंद कॉम्प्युटरवर लिहायच्या ठरलेल्या साच्यात, ०८२ हे फील्ड वरच्या थरात आहे, तिथं ड्यूईचा वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, असतो आणि तो कुठल्या आवृत्तीतून घेतला तेही लिहिलेलं असतं. कोहामध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रतीची माहिती ९५२ मध्ये जाते आणि आपल्या लेबलवरचा पूर्ण नंबर तिथं असतो. आता कुणीतरी आपला ‘संदर्भ’ (म्हणजे घरी न्यायचं नाही) असा शिक्का लावलेला नंबर ०८२ मध्येच टाईप केला, की पुढं तेच रेकॉर्ड वापरणाऱ्या प्रत्येकाकडं तो शिक्का जातो, मग देवघेव विभागातलं पुस्तक कागदावर संदर्भ होऊन बसतं. एकानं केलेली चूक दहा ठिकाणच्या लेबलवर छापली जाते, हे मी स्वतः निस्तरलंय.

बाहेरून ओढून घेतलेल्या रेकॉर्डमध्ये ०८२ ला कधीकधी मध्येच तिरकी रेघ असते. समजा ३०६.०९/५४७९२ असं आहे. ती रेघ नंबरचा भाग नाही. ती आपल्याला सांगते की ग्रंथालय लहान असेल तर इथपर्यंत तोडलात तरी चालेल. सेटिंग तसं असेल तर कोहा ०८२ उचलून प्रतीच्या कॉल नंबरात आपोआप टाकतं, रेघेसकट, आणि न बघता सेव्ह केलं की ती रेघ थेट लेबलवर येते. मोठ्या ग्रंथालयाला महाराष्ट्रापर्यंतचा लांब नंबर लागेल कारण त्यांच्याकडं ३०६.०९ मध्येच तीनशे पुस्तकं आहेत, गावातल्या वाचनालयाला सहा पुस्तकांसाठी तो कशाला पाहिजे?

आवृत्तीचंही तसंच. कॉम्प्युटरची पुस्तकं ड्यूईच्या १९ व्या आवृत्तीत ००१.६४ मध्ये होती, १९८९ च्या २० व्या आवृत्तीत ती ००४ ते ००६ मध्ये गेली. जुन्या रेकॉर्डचा नंबर आहे तसा घेतला तर एकाच विषयाची पुस्तकं दोन ठिकाणी पडतात, वाचकाला एक ठिकाण सापडतं, दुसरं कधीच नाही. म्हणून वर्गांक उसना घ्या, जरूर घ्या, त्यानं खूप वेळ वाचतो, पण आपल्या फळीवर त्याचे शेजारी कोण आहेत ते बघून घ्या. आणि ग्रंथांक, म्हणजे लेखकाची ती दोन-तीन अक्षरं किंवा कटरच्या तक्त्यावरून लेखकाच्या नावाला मिळणारा नंबर, तो तर उसना घ्यायचाच नाही, कारण तो आपल्याच फळीवर आधी कोण बसलंय त्यावर ठरतो. दुसऱ्याकडं तो नंबर रिकामा होता म्हणून आपल्याकडं रिकामा असेल असं थोडंच आहे.

एका पुस्तकाला सगळीकडं एकच नंबर हा हट्ट यातच निकालात निघतो. गुळावरचं एक पुस्तक घ्या. शेतकी कॉलेजला ते उसाजवळ, ६३३.६१ ला हवं असतं. साखर कारखान्याच्या ग्रंथालयाला साखर बनवण्याच्या पुस्तकांत, ६६४.१२२ ला. निम्मं पुस्तक लागवडीवर आणि निम्मं गुऱ्हाळावर असेल तर दोघांचंही बरोबर आहे. शाहू महाराजांच्या चरित्राचंही असंच, कुणी इतिहासात लावतं, कुणी चरित्रांचा वेगळा रॅक करून ९२० मध्ये, ड्यूईनं स्वतःच असे पर्याय दिलेत. शेअर काय करायचं तर पुस्तकाची ओळख. पत्ता शेअर करून सगळ्यांची घरं एका गल्लीत येत नाहीत.

टिंब आणि स्पेसचं बघा आता. कॉम्प्युटर समजून घेत नाही हो, तो दिलेल्या नियमानं रांग लावतो बस. नंबर दशांशात वाचायचा असतो, म्हणून ३३१.१२ आधी आणि ३३१.९ नंतर. नवीन माणूस बारा मोठा म्हणून तो नंतर लावतो, हे पहिल्याच दिवशी शिकवावं लागतं. कोहा आपण लिहिलेल्या नंबरावरून रांगेसाठी मागं एक वेगळा छुपा नंबर तयार करतं, तो कसा करायचा ते वर्गीकरण पद्धत कुठली निवडलीय त्यावर ठरतं. तिथं ड्यूईऐवजी चुकून दुसरंच निवडलं, किंवा टिंबानंतर स्पेस पडली, किंवा शून्याच्या जागी ओ हे इंग्रजी अक्षर दाबलं, की ते पुस्तक यादीत भलतीकडं जातं आणि लेबलवर बघून चूक कळेलच असं नाही.

आपल्याकडं तर आणखी एक भानगड आहे, आकडे मराठी की इंग्रजी. डोळ्याला ८९१.४६३ (मराठी कादंबऱ्यांचा नंबर) आणि 891.463 सारखंच वाटतं, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं आहेत, साध्या सॉर्टमध्ये इंग्रजी आकड्यांचे सगळे नंबर आधी आणि मराठी आकड्यांचे सगळे नंतर लागतात. अर्धी एन्ट्री एकानं, अर्धी दुसऱ्यानं केली की कादंबऱ्यांच्या दोन रांगा झाल्याच. लेखकाच्या अक्षरांतही तेच होतं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, तो ल ला चिकटून व च्या आधी. म्हणून साध्या सॉर्टमध्ये काळे आधी आणि कावळे नंतर, आपण हातानं लावताना मात्र कावळे आधी. कुठलं पाळायचं ते ठरवून भिंतीवर चिकटवा, माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही एका रॅकमध्ये नकोत.

आमच्याकडं ठरलेलं असं आहे: आकडे सगळे इंग्रजी, वर्गांकात कुठंच स्पेस नाही, मग एक स्पेस आणि लेखकाची अक्षरं, मग एक स्पेस आणि पुस्तकाच्या नावाचं पहिलं अक्षर, मग खंड, शेवटी प्रत. खंड दोन आकडी लिहायचा, ०१, ०२ असा, नाहीतर यादीत एकच्या मागं दहा आणि मग दोन येतो. आमच्या लेबलावर प्रत्येक स्पेसला नवी ओळ पडते, म्हणजे एक स्पेस जास्त झाली की एक ओळ कोरी जाते आणि शेवटची ओळ लेबलच्या बाहेर.

राहता राहिलं मराठीला ड्यूई बसत नाही ते. यात खरं काहीतरी आहे आणि ते मान्य करते. इंग्रजी साहित्याला आख्खं ८२० मिळालंय आणि मराठीला ८९० च्या पोटात, ८९१.४ च्या पोटात, ८९१.४६. ते बघून मलाही राग येतो. १८७६ साली अमेरिकेत बसून केलेली मांडणी आहे ती, करवीर नगर वाचन मंदिर त्याच्या २६ वर्षं आधी, १८५० ला, इथं सुरू झालेलं होतं. पण म्हणून दाखल क्रमांकानं लावायचं? तसं केलं तर एका लेखकाची आठ पुस्तकं आठ कपाटांत जातील. ८९१.४६३ मध्ये हजार कादंबऱ्या झाल्या तर वर्गांक थकला एवढंच, तिथूनच तर ग्रंथांकाचं काम सुरू होतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी वर्गांक, ग्रंथांक आणि संग्रहांक (पुस्तक कुठल्या विभागात ठेवलंय ते) असे कॉल नंबरचे तीन भाग सांगितले ते उगीच नाही. ज्यांच्याकडं मराठी संग्रह खूपच मोठा आहे त्यांनी लेखकाची दोनऐवजी तीन अक्षरं घ्यावीत, पाटकर आणि पाटणकर निदान वेगळे होतील.

सेव्ह करायच्या आधी तो नंबर आपल्याच शाखेत एकदा शोधा, दुसऱ्या पुस्तकाला आधीच दिलेला असेल तर तिथंच कळतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि हा मेसेज वाचून तुमच्याकडं कुणी ०८२ मध्ये आपले नंबर भरायला सुरुवात केली असेल तर त्यांना आजच थांबवा, झालेले बदल परत फिरवा आणि आपला नंबर ९५२ मध्येच टाका. कसं करायचं कळलं नाही तर मला विचारा, संध्याकाळी सहानंतर मी मोकळी असते.