क्वाड्रॅटिकची रेंज पाच सेकंदात? जरा थांबा

अकरावीच्या पोरांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय. क्वाड्रॅटिक (एक्ष² + बीक्ष + सी असलं फंक्शन) दिसलं की डोमेन (क्षच्या जागी टाकता येणारे नंबर) कायम सगळे रिअल नंबर, रेंज (त्यातनं येणारी सगळी उत्तरं) हवी तर क्षच्या दिलेल्या इंटर्व्हलची दोन टोकं टाका, आणि डिस्क्रिमिनंट (बी² − ४एसी) निगेटिव्ह असेल तर रेंज नसतेच. तीन ओळी, तिन्हीत घोळ.

शेवटची ओळ आधी संपवू. क्ष² + क्ष + १ चा डिस्क्रिमिनंट −३, म्हणजे ग्राफ क्ष-अक्षाला शिवत नाही, बास एवढंच. रेंज आहे की, ३/४ पासून वर इन्फिनिटीपर्यंत.

डोमेनचं म्हणाल तर काही अट दिली नसेल तर सगळे रिअल नंबर, हे मान्य. पण 'कायम' कुठनं आलं? बॉल सरळ वर २० मीटर पर सेकंदनी फेकला, जी (गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) १० धरला, तर क्ष सेकंदांनी उंची २०क्ष − ५क्ष². फेकायच्या आधीची उंची काढणार का? आणि ४ सेकंदांनी तो जमिनीवर येतो, पुढं काढलात तर जमिनीत घुसतो. डोमेन ० ते ४, रेंज ० ते २०. आता इथंच टोकांची ट्रिक लावा, ० टाकला शून्य, ४ टाकला शून्य, म्हणजे बॉल हातातनं सुटलाच नाही!

आणि ही टोकांची ट्रिकच जास्त मार्क घालवते. क्ष² − ४क्ष + १, डोमेन [०, ५], म्हणजे ० ते ५, दोन्ही टोकं धरून. टोकांना १ आणि ६ येतात, पोरगं [१, ६] लिहून मोकळं, पण क्ष = १ टाकून बघा की, −२ येतं, ते कुठं बसवणार? मायनस बी अपॉन टू ए काढा, वर्टेक्स (ग्राफ जिथं वळतो तो बिंदू) २ वर, तिथं −३. रेंज [−३, ६].

यावर काहीजण म्हणतात मग डायरेक्ट वर्टेक्सचाच फॉर्म्युला वापरू. अरे बाबांनो, तो २ डोमेनमध्ये आहे का ते तर बघा! डोमेन [३, ५] दिलं की २ बाहेर, तेव्हा मात्र टोकंच चालतात, रेंज [−२, ६].

ओपन ब्रॅकेट, म्हणजे टोक न धरणारा, असला की अजून गंमत. (०, ५) घेतलं तर ६ गेला, पण १ नाही जात, कारण क्ष = ४ ला पण १च येतो. उत्तर [−३, ६).