‘युनियनने गिरण्या बुडवल्या’ म्हणे!

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपला भांडायला निमित्त लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला तर आयतंच मिळालं. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता भारतात लागू झाल्या आणि हिंजवडीतल्या एका मित्राने लगेच निकाल देऊन टाकला: ‘बरं झालं. युनियनने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, आता उरलंसुरलं तरी वाचेल.’ खाली पटापट अंगठे. मी जर्मनीत, स्टुटगार्टला, ऑफिसच्या कँटीनमध्ये माउलटाशन घेऊन बसलो होतो. ते तसंच गार झालं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यात तेही होते. तोवर आठ तासांची पाळी होती, महागाई भत्ता होता, फंड होता. (रविवारची सुट्टी तर १८९० पासूनची, नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवलेली. ती घ्यायला ग्रुपवर कुणाची ना नसते.) संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. दीड वर्ष गावी काढून वडील भिवंडीला यंत्रमागावर लागले. माणूस तोच, कामही तेच. पण पाळी बारा तासांची, पैसे मीटरवर, माग बंद तर मजुरी बंद. फंड राहू दे, आपण इथे कामाला आहोत हे सांगणारा कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता. आठवड्याची सुट्टी मिळाली की घरी यायचे आणि समोर बसलेल्या आईशी ओरडून बोलायचे. मागांच्या खडखडाटात तीच सवय लागली होती. पन्नाशीत एक कान गेला. युनियन असली तर काय आणि नसली तर काय, याचा अहवाल मी घरातच पाहिलाय.

आणि गिरण्या बुडाल्या म्हणजे काय? यंत्रं जुनाट झाली होती, त्यात पैसा घालायची मालकांची तयारी नव्हती, यंत्रमागाचं स्वस्त कापड बाजारात आलं होतं. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने जमिनी विकायची वाट मोकळी केली. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत चुकलेच नाहीत असं मी म्हणत नाही, माघारीची वाट त्यांनी ठेवली नव्हती. वडील मात्र त्यांच्याबद्दल आजही एक शब्द ऐकून घेत नाहीत. ‘डॉक्टर’ म्हणतात आणि गप्प होतात.

आता इकडचं ऐका. गिरणी संपानंतर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, मी राहतो त्याच पट्ट्यात ईगे मेटालने, म्हणजे इथल्या धातू कामगारांच्या युनियनने, आठवड्याच्या ३५ तासांसाठी संप केला. मालकांनी टाळेबंदी केली. जवळजवळ सात आठवडे दोन्हीकडून हट्ट चालला. पण संपकऱ्यांना युनियनच्या निधीतून पैसे मिळत होते आणि शेवटी दोन्ही बाजूंना चालेल असा मध्यस्थ बसवला गेला. पदरात पडले साडेअडतीस तास, ३५ व्हायला १९९५ उजाडलं. मुंबईत कामगार डॉक्टरांच्या मागे होते आणि १९४६ च्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्याच युनियनला होता. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे माणसं नाहीत, ज्याच्यामागे माणसं आहेत त्याच्याशी बोलायचं नाही. हा कायदा रद्द करा ही त्या संपाची एक मागणीच होती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. शेवटी, जरा तोऱ्यातच, ईगे मेटालच्या २०२४ च्या करारातले पगारवाढीचे आकडे टाकले: एप्रिल २०२५ ला २ टक्के, एप्रिल २०२६ ला ३.१ टक्के, वर एकरकमी ६०० युरो. मित्राचं उत्तर आलं, ‘आणि फोक्सवागेन ३५ हजार माणसं कमी करतंय ते?’ मी लिहिलं, २०३० पर्यंत, सक्तीने कुणाला न काढता, आणि तेही युनियनशी बसून ठरलंय. तुला गेल्या वर्षी वीस मिनिटांच्या कॉलवर राजीनामा लिहायला लावला तेव्हा तुझ्या बाजूने कोण बसलं होतं?

हे लिहायला नको होतं. तो दोन दिवस गप्प होता.

जर्मनीत असे करार जेमतेम निम्म्या नोकरदारांना लागू आहेत, हे मी ग्रुपवर सांगितलं नाही. आणखी एक सांगितलं नाही. कायद्याने करार बांधील असतो तो सभासदांपुरता, पण मालक तो सगळ्यांनाच देतो, कारण नाही दिला तर उरलेले उद्या सभासद होतील. त्या उरलेल्यांत मी आहे. तेरा वर्षं ३५ तास, ३० दिवस रजा, प्रत्येक पगारवाढ घेतोय आणि वर्गणी म्हणून पगाराचा एक टक्का द्यायला हात होत नाही. सुरुवातीला व्हिसाची भीती म्हणायचो. आता तर पासपोर्टही इथलाच आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे कपातीची बातमी आली आणि फाटकाबाहेर सभा झाली. लाल टोप्या, ढोल, थंडीत ब्रेत्सेलची पाकिटं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या हातात एक लाल शिट्टी दिली, मी सभासद आहे का हे न विचारता. मला भरूनच आलं. गेट मीटिंग ती गेट मीटिंग. मग व्यासपीठावरून वक्ता म्हणाला, आपलं काम पुण्याला चाललंय. शिट्ट्यांचा कल्लोळ उठला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. मी शिट्टी ओठांपर्यंत नेली होती, ती खिशात घातली.

संध्याकाळी घरी जाताना एस-बानमध्ये ग्रुप उघडला. हिंजवडीचा मित्र पुन्हा बोलायला लागला होता. नव्या कंपनीत त्याची टीम वाढतेय, एक जर्मन प्रोजेक्ट आलंय, कुणाच्या ओळखीत माणसं असतील तर कळवा. वाढदिवसाला टाकतात तसे फुगे.

मी अंगठा दिला.