पेट्रोलचा धूर दिसत नाही, म्हणून फिल्टर नको?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय, ‘पेट्रोल गाडीला धूरच नसतो, मग फिल्टर कशाला? डिझेलवाले डीपीएफ चोक होऊन वैतागलेत, आता तेच दुखणं आमच्या गळ्यात.’ हा राग मला समजतो. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि तसाच फिल्टर आता पेट्रोल गाड्यांनाही बसतो. पण इथे डिझेलचा अनुभव जसाच्या तसा लागू होत नाही.

आधी धुराबद्दल. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाने सरळ सिलिंडरमध्ये फवारतात. इंजिन गार असताना त्यातलं थोडं पिस्टनच्या माथ्यावर आणि भिंतींवर चिकटतं, नीट जळत नाही आणि त्याची काजळी होते. हे कण बहुतांशी १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान. दिसत नाहीत, वजनातही भरत नाहीत, पण फुप्फुसात खोलवर पोचतात. म्हणून युरोपच्या ‘युरो ६’ या प्रदूषणाच्या नियमांत कणांच्या वजनाबरोबर त्यांची संख्याही मोजतात. मर्यादा किलोमीटरला ६०,००० कोटी कणांची. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना आधी दहापट सवलत होती. ती २०१७-१८ मध्ये संपली आणि युरोपात हे फिल्टर सर्रास बसू लागले.

आता चोक होण्याबद्दल. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर, पण उष्णता कमी पडते. म्हणून काजळी जाळायला मुद्दाम जादा डिझेल खर्ची घालावं लागतं. पेट्रोलचं नेमकं उलट. उष्णता हवी तेवढी, पण हवा-इंधनाचं प्रमाण काटेकोर ठेवलेलं असल्याने ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तो मिळतो तुम्ही अॅक्सिलरेटरवरून पाय काढता तेव्हा. इंधन तुटतं, नुसती हवा फिल्टरमधून जाते आणि काजळी जळते. घाटातून उतरताना हे आपोआप होत राहतं. खरी अडचण वेगळीच होती. काजळी फार साठलेली असताना तापलेल्या फिल्टरला एकदम हवा मिळाली, तर जाळीच तडकू किंवा वितळू शकते. त्यासाठी कॉर्डिएराइट या सिरॅमिकची, उष्णतेने फारशी न फुगणारी जाळी वापरतात. वेळ पडली तर इंजिनचा संगणक इंधन तोडणंच टाळतो. मला या कामातला हा भाग सगळ्यात कौतुकाचा वाटतो.

एक मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे. कडाक्याच्या थंडीत रोज फक्त दोन-तीन किलोमीटर गाडी चालवली, तर फिल्टर तापतच नाही आणि काजळी साठत जाते. शिवाय ऑइलची राख कधीच जळत नाही, त्यामुळे कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल घालायला हवं.

माझी तक्रार आहे ती नियमाबद्दल. युरो ६ ने कणसंख्येची मर्यादा पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेत फवारणाऱ्या गाड्यांना लावलीच नाही. काजळी त्याही करतात. ही सूट युरो ७ मध्ये काढली, पण ती मुळात द्यायलाच नको होती.

तुमचा स्वतःचा अनुभव डिझेल गाडीचा आहे की पेट्रोलचा? पेट्रोलचा असेल तर रोजचं अंतर किती, तेही कळवा.