'भंगार' म्हणणाऱ्या घाटकरींना उत्तर

घाटकरी साहेब,

नाव दिलेलं नाहीत, म्हणून टोपणनावानंच हाक मारतो. माझ्या जुन्या मारुती जिप्सीत मारुतीच्याच एस्टीम गाडीचं इंजिन कसं बसवलं, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देतो. सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

"68 हजारांत जिप्सीत एस्टीमचं इंजिन बसवलं म्हणता. यात क्लचचा खर्च नाही, गिअरबॉक्स दोनदा उतरवल्याची मजुरी नाही, स्वतःचे चार महिने नाहीत. ब्रेक जुनेच. आरसीवर इंजिन नंबर बदलला का, यावर अवाक्षर नाही. कुर्ल्याच्या भंगारातलं इंजिन जुगाड करून बसवण्याला इंजिन स्वॅप म्हणत नाहीत. नवशिक्या पोरांची दिशाभूल थांबवा."

पहिली गोष्ट, क्लचचं तुमचं बरोबर आहे. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटचे 4,200 रुपये हिशेबात धरायचे राहिले. बिल गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, वहीत नव्हतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आकडा आता 72,200. चूक दाखवली की मी मान्य करतो, वाचकांना हे माहीत आहे.

पण 'भंगार' आणि 'जुगाड'. हे दोन शब्द वाचून मी रात्री जेवलो नाही, खोटं कशाला सांगू.

एस्टीमचं उत्पादन 2007 मध्ये बंद झालं. आज तिचं इंजिन हवं असेल तर ते मोडीत निघालेल्या गाडीतूनच येणार. शोरूममध्ये काचेच्या कपाटात ठेवलेलं मिळतं का? मिळत असेल तर पत्ता द्या, मी उद्या पहाटेची गाडी पकडतो. मोडीतली गाडी म्हणजे मोडकं इंजिन असं तुम्ही धरून चाललात. एखादी गाडी मागून ठोकली गेली, एखादीची बॉडी समुद्राच्या हवेनं सडली, एखादीचे कागद संपले. इंजिनाचा त्यात काय गुन्हा?

कुर्ल्याला सीएसटी रोडवर मी तीन चकरा मारल्या. कोल्हापूरहून तीन वेळा, एसटीनं. बाहेर काढून फुटपाथवर मांडलेली इंजिनं मी बघितलीसुद्धा नाहीत. गाडीतच बसलेलं, माझ्यासमोर चालू करून दाखवता येईल असंच इंजिन पाहिजे, हा हट्ट होता. दोन दुकानदारांनी हाकललं. तिसऱ्यानं दाखवलं. ऑइलचं झाकण काढून आतून पांढरा फेस आहे का बघितला (तो असला तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, तिथूनच मागे फिरायचं). मग इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. 178, 175, 180, 172 पीएसआय. चार सिलिंडरांत पाच टक्क्यांपेक्षा कमी फरक. तुमच्या दारातल्या गाडीचे आकडे कळवाल का? उत्सुकता आहे, बाकी काही नाही.

आता जुगाड. साहेब, माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात 31 वर्षं लेथवर उभे होते. ज्या गावानं अख्ख्या महाराष्ट्राच्या विहिरींवर ऑइल इंजिनं चालवली, त्या गावात मी वाढलो. शाळेतून आलो की दप्तर टाकून वडिलांच्या शेजारी उभा राहायचो आणि मायक्रोमीटर धरायला शिकलो ते तिथंच. तेराव्या वर्षी घरची एम-80 पूर्ण खोलली आणि पुन्हा जोडली. दोन नट उरले, ते अजून जपून ठेवलेत. जुगाड म्हणजे काय ते मला शिकवू नका. सुतळीनं सायलेन्सर बांधला तर तो जुगाड. मी काय केलं ते बघा.

एस्टीमला पुढची चाकं ओढतात, तिचं इंजिन आडवं बसतं. जिप्सीत तेच इंजिन लांबीत बसवायचं. जिप्सीचं जुनं आणि एस्टीमचं, दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी-13 घराण्यातली, 1298 सीसीची. माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी किंगमध्ये आठ व्हॉल्व्ह होते, एस्टीमच्या एमपीएफआयमध्ये (इंजेक्शननं पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात) सोळा. पण घराणं एकच, त्यामुळे बेलहाउसिंगची (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोक्याची) भोकं जुळली. तिथे मला वाटलं, जिंकलो. ते काही खरं नव्हतं. एस्टीमचा इंजिनाच्या तळाचा ऑइलचा चेंबर जिप्सीत चालत नाही. खाली पुढचा सलग ॲक्सल असतो, खड्ड्यात पाटे दबले की तो वर येतो आणि चेंबरवर आपटतो. म्हणून जुन्या इंजिनाचा चेंबर आणि त्याच्याच मापाचा स्ट्रेनर (ऑइल ओढणारी जाळी) उतरवून नव्याला लावला. चेंबर बदलला आणि स्ट्रेनर तसाच ठेवला तर चढावर ऑइल एका बाजूला जातं, स्ट्रेनर हवा ओढतो आणि बेअरिंगं जातात. इंजिन फाउंडेशनचे ब्रॅकेट नव्यानं कापून वेल्ड केले, टाचण मारून आधी दोनदा बसवून बघितले. कार्ब्युरेटरचा पंप इंजिनावरच असतो आणि अगदी कमी दाबाचा. इंजेक्शनला टाकीत बसणारा विजेवरचा पंप लागतो आणि उरलेलं पेट्रोल परत टाकीत नेणारी नळी लागते. ती ओढली. एस्टीमच्या वायरिंगमधून काचा, हॉर्न, दिवे सगळं वेगळं काढून फक्त ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या तारा ठेवायला मला अकरा रात्री लागल्या. अकरा. याला तुम्ही जुगाड म्हणणार?

गिअरबॉक्स दोनदा उतरवला, ही खोच तुम्ही मारलीत. हो, उतरवला. लेखात मीच ते लिहिलं होतं, लपवायचं असतं तर लिहिलं असतं का? कारणही सांगतो, कारण ते कुणीच सांगत नाही. जिप्सीच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमधल्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकातल्या) पायलट बेअरिंगवर टेकतं. एस्टीमच्या गिअरबॉक्सला त्याची गरज नाही, म्हणून तिच्या फ्लायव्हीलमध्ये ते बेअरिंगच नसतं. मी एस्टीमचं फ्लायव्हील ठेवलं, कारण त्याचा पृष्ठभाग चांगला दिसत होता. क्लच दाबला की आतून दळण दळल्यासारखा आवाज. मग सगळं उतरवून जुन्या जिप्सीचं फ्लायव्हील उद्यमनगरात फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून), नवं बेअरिंग ठोकून बसवलं. दुसऱ्या वेळी दोन पोरं मदतीला होती, त्यांना तीन हजार दिले. ते हिशेबात नाहीत, कारण ती भाच्याची मित्रमंडळी आहेत आणि ते पैसे मी मजुरी म्हणून दिलेच नव्हते. यावरही तुम्ही काहीतरी लिहाल, मला खात्री आहे.

टीकेला माझी ना नाही. पण माणूस समोर बसून बोलला असता तर 'दिशाभूल थांबवा' असं म्हणाला असता का? मी कुणाला लायसन्स वाटत नाही, क्लास चालवत नाही, लेखात कुणाचा पाना विकत नाही. ज्यानं स्वतःच्या हातानं कधी फ्लायव्हीलचा बोल्ट सैल केलेला नाही, त्यानं दुसऱ्याच्या हातावरचं ग्रीस बघून नाक मुरडू नये. तुम्ही केला असेल तर माफी मागतो. तुमच्या भाषेवरून वाटलं नाही.

राहिलेलं उरकतो. ब्रेक: 2000 पासून कंपनीनं याच जिप्सीत 80 हॉर्सपॉवरचं एमपीएफआय इंजिन दिलं, एस्टीमचं 85 आहे. पाचासाठी कुणी अंगावर येतं का! ब्रेकचे पॅड आणि लायनर नवे टाकलेत, बास. स्वतःचे चार महिने: छंदाला मजुरी लावली तर उद्या बायकोच्या रांगोळीलाही लावावी लागेल. हे वाक्य तिनं वाचलं आणि म्हणाली, रांगोळीला चार महिने लागत नाहीत. असो.

आरसी: मोटर वाहन कायद्याचं कलम 52 मीही वाचलंय. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकालही माहीत आहे. इंजिन त्याच कंपनीचं, तेवढ्याच सीसीचं, त्याच इंधनाचं आहे, म्हणून आरटीओकडे अर्ज केला आहे. कुर्ल्याच्या दुकानदाराची पावती जोडली आहे, अजून दोन कागद मागितलेत. हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा लेख येईल, इथे फाटे फोडू नका.

गगनबावड्याला कधी नेताय, असं बाकीचे वाचक विचारत आहेत, त्यांना एकदमच सांगतो. करूळ घाट उतरायची घाई मलाही आहे. पण तूर्त गाडी अंगणातच उभी आहे, रोज संध्याकाळी दहा मिनिटं चालू करून बंद करतो. कागद आले की बघू.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. पुढची मात्र नावानिशी द्या.