जाड बर्फ, खोल पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शेवटच्या थंडीतल्या, म्हणजे हिवाळा सरत असताना तलावांच्या बर्फावर आणि नद्यांच्या काठी होणाऱ्या मासेमारीवरच्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचे आक्षेप अनेकांच्या मनात असतात आणि त्यातल्या एकावर विसंबून कोणी बर्फावर उतरलं तर जिवावर बेतू शकतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. हिवाळ्यात तलावाचा तळ सर्वांत उबदार असतो हे कुठल्याही पुस्तकात सापडेल, मग मासे खोलातच असणार. तरी मी ‘तळ सोडा, ओढ्याच्या मुखाकडे बघा’ असं लिहिलं. दुसरं, तुमच्या ऑगरने (बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाने) सकाळी १४ इंच बर्फ दाखवला, तेवढ्यावर गाडी उभी राहते, आणि मी लोकांना उगाच घाबरवतो. तिसरं, नदीबद्दलचं ‘ऊन पडलं म्हणून हुरळून जाऊ नका’ हे वाक्य तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. आणि शेवटी तुमचा प्रश्न: दिवसभर सर्वांत खोल जागी बसूनही काही लागलं नाही, तर पुढच्या वेळी बसायचं कुठे?

तळ उबदार असतो, हे खरंच आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे ४ अंशांच्या आसपासचं पाणी तळाशी बसतं, त्याहून गार पाणी वर राहतं आणि बर्फाला लागून शून्याच्या जवळचा थर असतो. पण माशाला नुसती ऊब पुरत नाही, त्याला श्वासही घ्यायचा असतो. शेवटच्या थंडीत घोडं अडतं ते इथेच.

गार पाण्यात प्राणवायू भरपूर मावतो. शून्य अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर २० अंशाला जेमतेम ९. म्हणजे तलाव गोठतो तेव्हा साठा चांगला असतो. नंतर मात्र हवेशी संबंध तुटतो. बर्फावर हिम साचलं की उजेडही खाली पोचत नाही. शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडेनाशा होतात, त्यातल्या बऱ्याच मरून कुजायला लागतात. तळाच्या गाळातले जिवाणू त्या कुजण्यासाठी प्राणवायू वापरत राहतात आणि तो खालून वर असा संपत जातो. थंडीच्या सुरुवातीला ज्या खड्ड्यात पर्च माशांचा थवा मजेत होता, तो खड्डा थंडी सरता सरता रिकामा झालेला असतो. पाणी तिथे अजूनही सर्वांत उबदारच असतं. फक्त त्यात श्वास घेता येत नाही.

हे ओळखायला उपकरण असलंच पाहिजे असं नाही. भोक पाडल्यावर उसळून वर आलेलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगा. तळाच्या गाळाला थोडा वास असतोच, त्यावरून काही ठरवू नका. पण पाण्यालाच सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड वायू आहे आणि खाली प्राणवायू संपलेला आहे. कधी कधी भोकाच्या तोंडाशी बारीक मासे आणि पाणकिडे गोळा होतात, तोंड वर करून तिथेच घोटाळत राहतात. नवशिक्याला वाटतं, वा, इथे मासे आहेत! ते तिथे हवेसाठी आलेले असतात. अशा वेळी गळ टाकण्यात मला काही रस वाटत नाही. उथळ, गाळाच्या, वनस्पतींनी गच्च भरलेल्या तलावांत पुढे अख्खेच्या अख्खे थवे गुदमरतात आणि बर्फ वितळल्यावर काठाला मेलेले मासे लागतात.

सगळे मासे सारखे नाजूक नसतात. ट्राउटला प्राणवायू कमी झालेला लवकर बाधतो, पर्च त्याहून चिवट, आणि पाईक तर लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खालीही काही काळ तग धरू शकतो. सर्वांत थक्क करणारा क्रूशियन कार्प. गार पाण्यात प्राणवायू अजिबात नसला तरी तो महिनोन्महिने जगतो, कारण शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून तो ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हा मासा गळाला लागला की मी तो नेहमी जरा जास्तच जपून सोडतो.

आता तुमच्या बाजूचं. खूप खोल, स्वच्छ, गाळ कमी असलेल्या तलावांत तळापर्यंतचा प्राणवायू हिवाळाभर टिकतो. तिथे तुमचं पुस्तक शब्दशः बरोबर आहे. लेक ट्राउटच्या मागे जाणाऱ्याने अशा तलावात खोलात जरूर बसावं. पण तुम्ही वर्णन केलेला तलाव तसा नाही. काठाला बोरू, उन्हाळ्यात पाणी हिरवं, तळाला काळा गाळ, असं तुम्हीच लिहिलंय.

शेवटच्या थंडीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला या सगळ्या हंगामातली सर्वांत सुंदर वाटते. दिवस मोठा होतो, वरचं हिम वितळतं आणि ऊन बर्फातून खाली उतरतं. बर्फाखालचं शून्याजवळचं पाणी किंचित तापतं. चार अंशांच्या खाली पाणी तापलं की जड होतं, म्हणून ते खाली सरकतं आणि त्याच्या जागी दुसरं वर येतं. म्हणजे बर्फ तसाच असताना त्याच्या खाली पाणी घुसळायला लागतं. शेवाळाला उजेड मिळतो, वरच्या थरात प्राणवायू पुन्हा तयार होऊ लागतो. रशियातल्या बैकल सरोवराच्या पारदर्शक बर्फाखाली तर या दिवसांत डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा, अक्षरशः बहर येतो. बारीक जीव या थरात येतात, त्यांच्यामागे बारीक मासे, त्यांच्यामागे पर्च. म्हणून मी लिहिलं की आमिष तळाला टेकवून बसू नका. पाणी ३० फूट खोल असेल तर आधी बर्फाखालचे पहिले १० फूट तपासा, मग हळूहळू खाली जा. तुम्ही दिवसभर बसलात ती जागाही कदाचित पूर्ण चुकीची नसेल, मासे तुमच्या आमिषाच्या बरेच वर असतील.

पाईकचा हिशोब वेगळा. बर्फ निघाल्या निघाल्या तो पाण्याखाली गेलेल्या गवतात अंडी घालतो, त्यामुळे आधीपासूनच उथळ खाडीच्या तोंडाशी येऊन थांबतो. वितळलेलं पाणी घेऊन येणारा ओढा त्या खाडीत उतरत असेल तर प्राणवायूही तिथेच मिळतो.

आणि इथेच तुमचा पहिला आक्षेप दुसऱ्याला जाऊन मिळतो. ओढ्याचं मुख, झऱ्याची जागा, बोरूची कड, अरुंद खिंडीतला प्रवाह: मासे जिथे येतात, नेमका तिथलाच बर्फ सर्वांत आधी दगा देतो. वाहतं पाणी तो खालून झिजवतं. बोरूचे दांडे, काळे दगड, लाकडी धक्क्याचे खांब ऊन शोषून भोवतालचा बर्फ वितळवतात. बर्फावर मी इतकं का लिहिलं, असं तुम्ही विचारलंत. मासे कुठे आहेत हे सांगून तिथल्या बर्फाबद्दल गप्प राहणं मला जमणार नाही.

चार इंच बर्फावर माणूस चालतो हा नियम नव्या, स्वच्छ, काळसर दिसणाऱ्या बर्फाचा आहे. पांढऱ्या, हिम गोठून झालेल्या बर्फाला दुप्पट जाडी धरावी लागते. ऐन थंडीतल्या पक्क्या बर्फावर १४ इंच म्हणजे खरोखर गाडीचा बर्फ, तिथे तुमच्याशी वाद नाही. पण शेवटच्या थंडीतल्या बर्फाची ताकद जाडीवरून सांगता येत नाही. तलावाचा बर्फ बहुतेक उभ्या स्फटिकांचा असतो. आत शिरलेलं ऊन आधी त्यांच्या सांध्यांतून वितळवत जातं. जाडी तेवढीच राहते, स्फटिकांची एकमेकांवरची पकड सुटते. उभ्या मेणबत्त्यांच्या जुडीचा दोरा काढून घ्यावा, तसा तो बर्फ होतो.

म्हणून ऑगरबरोबर पहार न्या आणि पुढे आपटत चाला. चांगल्या बर्फावर पहार आपटली की हाताला झिणझिण्या येतात, आवाज टणक येतो, ठिकऱ्या उडतात. पोखरलेल्या बर्फात ती भसकन रुतते. ओढून काढताना कडेचे बोटभर लांब, उभे, काचेसारखे तुकडे सुटून किणकिणतात आणि खळग्यात लगेच पाणी येतं. एका घावात पहार आरपार गेली तर जाडी मोजत थांबू नका, आलात त्याच वाटेने मागे फिरा. बर्फ राखाडी दिसायला लागला, काठाशी पाण्याची पट्टी सुटली, तर पहारही काढायची गरज नाही, बर्फावर उतरूच नका.

तुम्ही सकाळी मोजलंत, हेही महत्त्वाचं. रात्री पारा शून्याखाली गेला की सांध्यांतलं पाणी पुन्हा गोठतं आणि सकाळी सगळं टणक लागतं. दुपारी तोच बर्फ तसा राहत नाही. जाताना ज्या कडेवरून आरामात चढलात, परतताना तीच कड तुटलेली मिळते. आणि रात्रभर पारा शून्याच्या वर राहिला असेल, तर सकाळच्या टणकपणाचीही खात्री नाही.

जाडी असूनही काय होतं याचं उदाहरण अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक ईरी या मोठ्या सरोवराचं. फेब्रुवारी २००९ मध्ये ओहायोच्या किनाऱ्याजवळ बर्फ ठिकठिकाणी दोन फुटांपर्यंत जाड होता. भेग पडली होती, तिच्यावर लाकडी पॅलेट टाकून लोक पलीकडे गेले. मग वाऱ्याने तो अख्खा तुकडा किनाऱ्यापासून लोटला आणि शंभराहून जास्त मासेमार त्याच्यावर अडकले. हेलिकॉप्टर आणि होड्या लावून त्यांना काढावं लागलं. एकाचा जीव गेला. मोठ्या तलावावर जमिनीकडून पाण्याकडे वारा वाहत असेल तर इंच मोजण्याआधी वारा बघायचा असतो.

पडलंच कोणी, तर मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी लोकांपर्यंत पोचवलेलं १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं १ मिनिट श्वास आवरायचा, कारण गार पाण्याच्या धक्क्याने धाप लागते आणि पाणी नाकातोंडात जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, बाहेर निघायचं ते तेवढ्यात. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, तिथला बर्फ मघाशी तुमचं वजन पेलत होता. पाय मागे आडवे मारत, गळ्यात अडकवलेले बर्फाचे टोचे रोवत पोटावर वर या, आणि उभं न राहता लोळत लांब जा. टोचे सामानाच्या पेटीत ठेवले तर त्यांचा काही उपयोग नाही. आणि एकट्याने जाऊच नका.

आता नदी. नदीचं पाणी ढवळत वाहतं, त्यामुळे उबदार तळ वगैरे प्रकार सहसा नसतो आणि प्राणवायूचीही चिंता कमी. इथे सगळं तापमानाच्या चढउतारावर चालतं. तुमचं म्हणणं, ऊन पडलं की पाणी तापणार आणि मासे हलणार. खोऱ्यात हिम उरलं नसेल तर अगदी बरोबर, दुपार उलटेपर्यंत थांबावं. पण डोंगरात हिम असेल तर त्याच उन्हाने ते वितळतं आणि शून्याजवळचं पाणी नदीत येतं. हवा १२ अंश, अंगातलं जाकीट काढावंसं वाटतंय, आणि नदी सकाळपेक्षा गार, असं होतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काठाच्या दगडावरची ओली रेघ वर सरकली, की दिवसातला चांगला वेळ संपत आला म्हणून समजा. अशा नदीवर उशिराची सकाळ ते दुपारची सुरुवात हाच काय तो वेळ. खिशात साधा थर्मामीटर ठेवा. पाणी ३ अंश आहे की ५, यापेक्षा ते चढतंय की उतरतंय हे जास्त महत्त्वाचं.

मासे वेगवान धारेत शक्ती घालवत नाहीत. धार आणि संथ पाणी जिथे मिळतात त्या रेघेच्या आतल्या अंगाला, डोहाच्या शेपटाला, म्हणजे डोह संपतो तिथे, ते असतात. आमिष त्यांच्या नाकासमोरून सावकाश जायला हवं, ते पाठलाग करत नाहीत. गळाला ओढ बसत नाही, दोरी नुसती जड होते किंवा वाहता वाहता थबकते. तेवढ्यावर काठी उचलायची. नदीवरच्या बर्फावर मात्र कोणत्याही जाडीला जाऊ नका, खालचा प्रवाह तो एका रात्रीत पोखरतो. आणि हंगाम उघडा आहे का ते बघून निघा. इंग्लंडच्या नद्यांत ट्राउट-सॅमनखेरीज इतर गोड्या पाण्यातल्या माशांची मासेमारी १५ मार्च ते १५ जून बंद असते, ती त्यांच्या अंडी घालण्यासाठीच.

अंड्यांनी भरलेल्या माद्या या दिवसांत सहज हाती लागतात. त्या सोडाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे, नियम परवानगी देत असला तरी. सोडायचा मासा कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर धरून फोटो काढू नका, कल्ले आणि डोळे गोठतात. पर्च, वॉलआय यांना पोटातल्या पिशवीतली हवा पटकन सोडता येत नाही. ३० फुटांहून खोलातून वर ओढल्यावर ती फुगते, आणि असा मासा पाण्यात सोडला तरी अनेकदा जगत नाही. तेव्हा सोडून द्यायच्या हिशोबाने मासेमारी करत असाल तर तेवढ्या खोलात गळच टाकू नये.

तर तुमच्या तलावावर बसायचं कुठे? रात्रभर पारा शून्याखाली राहिला असेल आणि पहार टणक वाजत असेल, तर ओढ्याच्या मुखापासून चांगलं अंतर राखून, मुखाकडून खोलाकडे जाणाऱ्या उतारावर सकाळी बसा. आमिष बर्फाखालच्या पाण्याच्या वरच्या एक-तृतीयांश भागात ठेवा आणि बर्फ मऊ पडायच्या आत, दुपारपूर्वी उठा. रात्र शून्याच्या वर गेली असेल तर बर्फावर उतरू नका. मुखाशी पाणी मोकळं झालं असेल तर काठावरूनच तिथे गळ टाका, पाईक तिथे यायला लागलेला असेल. तलावाची सर्वांत जास्त खोली किती, बर्फावर सध्या हिम किती आहे आणि ओढा वाहता झालाय का, एवढं कळवलंत तर याहून नेमकं सांगता येईल.